घरी भट्टी नसताना कला शाखेच्या मुलांना माती आणि ग्लेझचं विज्ञान ऑनलाइन कसं शिकवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका विद्यापीठात फाइन आर्ट्सच्या मुलांना सिरॅमिक मटेरियलचा पेपर शिकवायचाय, एकच सेमिस्टर, पूर्ण ऑनलाइन. मुलांनी दहावीनंतर केमिस्ट्री सोडलेली, घरी भट्टी कुणाकडेच नाही, बरेच जण फोनवरून बसतात. पहिले तीन आठवडे पिरियॉडिक टेबल, मग बाँड, मग सिलिकेटच्या रचना असं शिकवायला घेतलं आणि हळूहळू कॅमेरे बंद व्हायला लागले. आता विचारलंय की केमिस्ट्री अजून सोपी कशी करू, सॉफ्टवेअर वापरू देऊ का, आणि परीक्षा कशी घेऊ.

मी बडोद्यात छोटा स्टुडिओ चालवते आणि बरीच वर्षं कला शाखेच्या मुलांना हाच विषय शिकवतेय, आधी समोरासमोर आणि आता बराचसा ऑनलाइन. त्यामुळे जे सांगतेय ते माझ्या कामातून आलेलं आहे, तुमच्याकडे त्यातलं काय बसतं ते तुम्ही बघा.

मला विचाराल तर केमिस्ट्री कठीण आहे ही तुमची अडचण नाहीच. मुलांच्या मनात प्रश्न तयार व्हायच्या आधीच तुम्ही उत्तरं द्यायला लागलात. स्टुडिओत काय होतं, मुलगी भट्टीतून आपला वाडगा काढते, त्यावर बारीक जाळं पडलेलं असतं, ती रडवेली होऊन विचारते की हे का झालं, आणि त्या क्षणी तुम्ही तिला प्रसरण गुणांक (तापल्यावर पदार्थ किती फुगतो तो आकडा) शिकवलात तरी ती ऐकते कारण तिला तिचा वाडगा वाचवायचाय. ऑनलाइन क्लासमध्ये तो वाडगाच नाही. म्हणून मग आपण पुस्तकाच्या क्रमाने जातो, अणूपासून वर. माझं म्हणणं असं की क्रम उलटा करा, आधी भाजलेला तुकडा मुलांच्या हातात द्या, त्यांच्याकडून अंदाज लिहून घ्या, मग कारण शोधा, आणि कारण सांगताना जेवढी केमिस्ट्री लागेल तेवढीच त्या दिवशी शिकवा. सेमिस्टरच्या शेवटी बघाल तर जवळजवळ सगळी केमिस्ट्री येऊन गेलेली असते, फक्त वेगळ्या दारातून.

यात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधीच बोलून टाकते. तुमच्या विद्यापीठाकडे एक तरी चालू भट्टी आहे का आणि ती कुठल्या तापमानापर्यंत जाते, तुम्हाला मुलांच्या घरी पार्सल पाठवायची परवानगी आणि थोडे पैसे मिळतात का, आणि वर्गात किती मुलं आहेत. पंचवीस-तीसपर्यंत मुलं असतील तर खाली सांगितलेलं जमतं. शंभर असतील तर गट करावे लागतील आणि एक पेटी चार-पाच जणांत फिरवावी लागेल, ते एकाच शहरात असतील तरच ते शक्य आहे. भट्टी अजिबातच नसेल तर एखाद्या स्टुडिओशी बोलून ठेवा, चाचणीच्या टाइल्स लहान असतात, कुणाच्याही भट्टीत कोपऱ्यात बसतात.

आता पेटीबद्दल. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला एक खोका जातो. त्यात अर्धा किलो चायना क्ले (पांढरी चिनी माती) आणि बॉल क्लेचं (जास्त चिकट माती) मिश्रण, पण ओलं करून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं, कोरडी पावडर नाही. का ते पुढे सांगते. एक गोळा लाल माती, बिस्क केलेले (ग्लेझ न लावता एकदा भाजलेले) दोन-तीन तुकडे, एक न वापरलेला कोन (भट्टीत ठराविक उष्णतेला वाकणारा, नंबर असलेला छोटा सुळका) आणि एक वाकलेला कोन, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर) लावून भाजलेल्या टाइल्सचे दोन संच, मागे फक्त नंबर टाकलेले. रेसिपी लिहायची नाही. बाकीचं सामान मुलं गावातच जमवतात.

पहिले दोन-तीन आठवडे ग्लेझला हातच लावायचा नाही, नुसती माती आणि घरात सापडणाऱ्या वस्तू. इथे मी मुद्दाम जास्त वेळ देते कारण भीती इथेच जाते.

पहिलं काम, प्रत्येकाने आजूबाजूची माती आणायची. तुमच्या इंदुरात तर माळव्याची काळी माती दारातच आहे, इकडे आमच्या कानम पट्ट्यातही तीच. पेटीतल्या पांढऱ्या मातीची आणि या काळ्या मातीची एक-एक पट्टी करायची, त्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारायची आणि सावलीत वाळू द्यायची. चार दिवसांनी रेघ मोजली की पांढरी थोडीशी आकसलेली असते आणि काळी खूप आकसून बहुधा तडकलेली असते. आता मुलं स्वतः विचारतात की असं का. तेव्हा सांगायचं की दोन्ही माती पातळ पापुद्र्यांची बनलेली आहे, पण काळ्या मातीत जे मॉन्टमोरिलोनाइट असतं त्याच्या थरांच्या आतसुद्धा पाणी शिरतं आणि ते निघून गेलं की थर जवळ येतात, चायना क्लेमधल्या केओलिनाइटच्या थरांमध्ये पाणी तसं शिरत नाही. सिलिकेटची रचना शिकवायला तुम्हाला तीन लेक्चर लागली असतील, इथे ती वीस मिनिटांत होते आणि मुलं विसरत नाहीत कारण तडकलेली पट्टी त्यांच्या टेबलावर पडलेली असते. मग लगेच जोडून सांगता येतं की कच्छचं बेंटोनाइट याच कुटुंबातलं आणि म्हणूनच पाण्यात कालवलेला ग्लेझ खाली बसू नये म्हणून आपण ते टक्का-दोन टक्के घालतो, जास्त घातलं तर ग्लेझ वाळताना तडकतो आणि भाजल्यावर गोळा होऊन मागे सरकतो, ज्याला आपण क्रॉलिंग म्हणतो.

दुसरं, पाणी शोषण्याची चाचणी. ही तर माझी सगळ्यात आवडती आहे कारण ती कुठल्याही गावात होते. टाइल्सच्या दुकानाबाहेर फुटके तुकडे पडलेले असतात, तिथून फरशीची व्हिट्रिफाइड टाइल आणि बाथरूमच्या भिंतीची टाइल असे दोन तुकडे आणायचे, त्याबरोबर फुटक्या माठाचा एक तुकडा, आणि जुन्या घरात चिनी मातीचा किटकॅट फ्यूज पडलेला असेल तर तोही. तुकडे धुऊन, चांगले कोरडे करून वजन करायचं, दोन तास पाण्यात उकळायचे, त्याच पाण्यात गार होऊ द्यायचे, वरचं पाणी ओल्या फडक्याने टिपून परत वजन. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन गुणिले शंभर. व्हिट्रिफाइड टाइलचं उत्तर अर्ध्या टक्क्याच्या आत येतं, भिंतीच्या टाइलचं दहा टक्क्यांच्या वर, माठही भरपूर पितो आणि फ्यूज जवळजवळ काहीच नाही. वजनकाटा मात्र ०.०१ ग्रॅमचा लागतो, सोनाराकडे असतो तसा छोटा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर अर्धा टक्का दिसणारच नाही आणि मग मुलं म्हणतात की शोषण शून्य आहे. या एका प्रयोगातून अर्थनवेअर, स्टोनवेअर, पोर्सलीन (कमी ते जास्त घट्ट भाजलेली माती) यातला फरक निघतो, भाजताना फेल्डस्पार (मातीत मिसळलेलं, आधी वितळणारं खनिज) वितळून छिद्रं कशी भरतात ते निघतं, माठात पाणी गार का होतं आणि वीज अडवायला फ्यूज घट्ट भाजलेला का लागतो तेही निघतं. आणि अजून एक, मुलांना सांगा की घरातल्या जुन्या बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्स नीट बघा. बऱ्याच ठिकाणी ग्लेझवर बारीक जाळं पडलेलं असतं, जे लावताना नव्हतं. सच्छिद्र टाइल वर्षानुवर्षं हवेतला ओलावा पिते आणि किंचित फुगते, वरचा ग्लेझ फुगत नाही, तो ताणला जाऊन तडकतो. क्रेझिंगचा, म्हणजे या जाळ्याचा, पहिला धडा तिथेच होतो, भट्टीशिवाय.

तिसरं, व्हिनेगर. जमवलेल्या मातीवर, पांढऱ्या रांगोळीवर, संगमरवराच्या चुऱ्यावर थोडं व्हिनेगर टाकायचं आणि कोण फसफसतं ते लिहायचं. रांगोळी गावोगाव वेगळी असते, काहींची फसफसते काहींची नाही, आणि तो गोंधळ चांगला असतो कारण नाव एक असलं तरी माल वेगळा असू शकतो ही मटेरियल शिकणाऱ्याला लागणारी पहिली सवय आहे. फळ्याचा खडू आणू नका म्हणावं, तो बहुतेक वेळा जिप्समचा असतो आणि मुलं तो व्हायटिंग (ग्लेझमध्ये घालायची चुनखडीची पूड) समजून बसतात. माती फसफसली तर तिच्यात चुनखडीचे कण आहेत, आपल्याकडे काळ्या मातीत कंकर असतोच. तो कण भट्टीत कार्बन डायऑक्साइड सोडून चुना होतो, भांडं बाहेर आल्यावर हवेतलं पाणी पितो, फुगतो आणि आठवड्याभराने भांड्याचा टवका उडवतो. १०० ग्रॅम व्हायटिंगमधून फक्त ५६ ग्रॅम चुना उरतो आणि ४४ ग्रॅम वायू होऊन जातो हा आकडा इथेच पाठ करून घ्या, ग्लेझच्या हिशोबात तो परत लागतो आणि पिनहोल (ग्लेझवरची सुईच्या टोकाएवढी भोकं) समजावताना पण.

चौथं, धुण्याचा सोडा. पेटीतली पांढरी माती पाण्यात कालवून चमचा उभा राहील इतकी घट्ट करायची, मग कोमट पाण्यात विरघळवलेला धुण्याचा सोडा थेंब थेंब टाकत ढवळायचं. खाण्याचा सोडा नाही, त्याचा परिणाम कमी होतो. एका क्षणी पाणी न वाढवता ती माती एकदम वाहायला लागते. कॅमेऱ्यासमोर हे सगळ्यांनी एकदम करावं, त्या दिवशी क्लासमध्ये जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो. मग त्यातच व्हिनेगरचे थेंब टाकले की परत घट्ट. कणांवरचे विद्युतभार, सोडियममुळे कण एकमेकांना दूर ढकलतात आणि आम्ल किंवा मॅग्नेशियम-कॅल्शियममुळे परत चिकटतात, हे सगळं त्यानंतर सांगायचं. सोडा फार झाला तर उलटं घट्ट होतं, तेही होऊ द्या, कोणाचं तरी होतंच. लाल मातीवर हा प्रयोग बऱ्याचदा फसतो कारण तिच्यात विरघळणारे क्षार असतात, म्हणून पेटीतलीच माती वापरा.

एवढं झालं की मुलांनी मोजलेलं असतं, वजन केलेलं असतं, टक्केवारी काढलेली असते, आणि कोणी त्यांना आज केमिस्ट्री आहे असं म्हटलेलं नसतं. आता टाइल्स काढायच्या.

मी जी मूळ रेसिपी घेते ती कुंभारकामात सगळीकडे फिरलेली चार-तीन-दोन-एक, म्हणजे पोटॅश फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग २०, चायना क्ले १०, कोन १० ला. फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) लागत नाही आणि चारच कच्चे माल असल्यामुळे हिशोब हाताने होतो. तुमची भट्टी कोन ६ पर्यंतच जात असेल तर बोरॉनचं फ्रिट घालून दुसरी रेसिपी घ्यावी लागेल, पद्धत तीच. पहिल्या संचात फक्त क्वार्ट्झ बदलायचं, १०, २०, ३०, ४०, ५०, बाकी सगळं तसंच. दुसऱ्या संचात फक्त चायना क्ले बदलायची, १०, २०, ३०, ४०. सगळ्या टाइल्स एकाच मातीच्या, एकाच भट्टीत, शक्यतो एकाच शेल्फवर, जाडी सारखी. ही शिस्त तुम्ही पाळली नाहीत तर मुलं चुकीची कारणं शोधून काढतील आणि ती त्यांची चूक नसेल.

क्लासच्या आधी मुलांना सांगायचं की पहिला संच काढा, एक काळी शाई टाइलवर चोळा आणि पुसून टाका, खिडकीजवळ टाइल तिरकी धरून हळूहळू फिरवत दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. चमक फोटोत खोटी दिसते, फिरवल्यावर उजेड ग्लेझवरून कसा सरकतो त्यावरून कळते. शाईमुळे क्रेझिंगचं जाळं फोनवरसुद्धा स्पष्ट दिसतं. मग विचारायचं, यात वाढत काय गेलंय असं तुम्हाला वाटतं. बहुतेकांना एका टोकाला जाळं जास्त आहे आणि दुसऱ्या टोकाला ग्लेझ ताठर, कमी वितळलेला आहे एवढं दिसतंच. तुमच्या मातीप्रमाणे आणि भट्टीप्रमाणे हे थोडं इकडे-तिकडे होईल, म्हणून पाठवायच्या आधी स्वतः चाचणी करून बघा की संचात फरक खरंच दिसतोय.

यानंतर मोलचा हिशोब, आणि इथे सगळे घाबरतात. मी हार्डवेअरच्या दुकानाचं उदाहरण देते, तिथे स्क्रू एक-एक मोजत नाहीत, वजन करतात, पण मोठा स्क्रू जड आणि छोटा हलका म्हणून दोन्हीचे शंभर ग्रॅम घेतले तर संख्या सारखी येत नाही. काच बनताना महत्त्व कणांच्या संख्येला आहे आणि आपण तोलतो ग्रॅममध्ये, म्हणून प्रत्येक मालाचं वजन त्याच्या एका मोलच्या (म्हणजे कणांच्या एका ठरावीक संख्येच्या) वजनाने भागायचं. बस, एवढंच. फेल्डस्पारचं ५५६.७, व्हायटिंगचं १००.१, क्वार्ट्झचं ६०.१, चायना क्लेचं २५८.२. ४० ग्रॅम फेल्डस्पार म्हणजे ०.०७२, २० ग्रॅम व्हायटिंग म्हणजे ०.२००. फेल्डस्पारच्या एका मोलमधून एक पोटॅश, एक ॲल्युमिना आणि सहा सिलिका येतात, चायना क्लेमधून एक ॲल्युमिना आणि दोन सिलिका, व्हायटिंगमधून एक चुना, आणि क्वार्ट्झ म्हणजे नुसती सिलिकाच. सगळं जमवून, वितळवणारे म्हणजे पोटॅश आणि चुना यांची बेरीज १ धरून भागलं की आपल्या मूळ रेसिपीचं उत्तर येतं: पोटॅश ०.२६, चुना ०.७४, ॲल्युमिना ०.४१, सिलिका ३.७१. हेर्मान सेगर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ग्लेझ असा लिहायची रीत घालून दिली आणि आजही आपण तीच वापरतो.

आता पाचही टाइल्सचं सिलिका काढायला सांगायचं. ॲल्युमिना पाचही ठिकाणी ०.४१ च राहतं, सिलिका २.४८ पासून ४.९३ पर्यंत चढतं, आणि सिलिका भागिले ॲल्युमिना ६ पासून १२ पर्यंत. मुलांना हा आकडा आणि हातातली टाइल शेजारी शेजारी ठेवायला लावा. ज्या टोकाला जाळं होतं तिथे सिलिका कमी आहे. सिलिका ग्लेझचं प्रसरण कमी करते, सोडियम-पोटॅशियम वाढवतात, आणि गार होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसायला बघतो तेव्हा तो ताणला जाऊन तडकतो. आठवडाभरापूर्वी बाथरूमच्या टाइलवर जे बघितलं त्याचा हाच भाऊ, फक्त तिथे माती फुगली आणि इथे ग्लेझ आकसला. हे मुलांकडून यायची वाट बघा, कोणीतरी बोलतंच, आणि ते मुलीच्या किंवा मुलाच्या तोंडून आलं की बाकीचे जास्त ऐकतात.

दुसऱ्या संचावर मॅट आणि चमकदार हा विषय होतो. चायना क्ले १० वरून ४० केली की ॲल्युमिना ०.४१ वरून ०.८३ वर जातं आणि ते गुणोत्तर ९ वरून साडेपाचच्या आसपास उतरतं. स्टल नावाच्या संशोधकाने १९१२ मध्ये याचा नकाशा काढला, एका बाजूला सिलिका, एका बाजूला ॲल्युमिना, आणि त्यात मॅट कुठे, चमक कुठे, कच्चं कुठे ते दाखवलं. मुलांना नकाशावर आपापली टाइल कुठे बसते ते ठिपक्याने दाखवायला सांगा. पण एक गोष्ट इथे नीट शिकवा, मॅट दोन प्रकारचं असतं. एक खरं, ग्लेझ पूर्ण वितळून गार होताना त्यात बारीक स्फटिक झाले म्हणून, आणि एक नुसतंच न वितळलेलं. डोळ्याला सुरुवातीला दोन्ही सारखीच वाटतात. तीच टाइल जास्त तापमानाला परत भाजली की न वितळलेलं चमकायला लागतं, खरं मॅट बऱ्यापैकी मॅटच राहतं. न वितळलेल्या ग्लेझचा मग करून विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं आहे, कारण त्यात जे घातलंय ते पूर्ण बांधलेलं नसतं आणि आंबट पदार्थात उतरू शकतं. आमच्या बडोद्याला ज्योत्स्ना भट यांनी फाइन आर्ट्समध्ये अनेक वर्षं सिरॅमिक्स शिकवलं, त्यांच्या मांजरी आणि पक्षी ज्यांनी बघितलेत त्यांना माहितीये की मॅट पृष्ठभाग किती जिवंत असू शकतो. कला शाखेच्या मुलांना मी त्यांच्या कामाचे फोटो इथे दाखवते, आणि मग विचारते की असा पृष्ठभाग हवा असेल तर आपण नकाशावर कुठे जायचं. गुणोत्तराचा आकडा त्यांना तेव्हा स्वतःचा वाटायला लागतो.

अंदाज लिहून घेण्याबद्दल थोडं, कारण माझ्या मते ऑनलाइनमध्ये हेच सगळ्यात जास्त काम करतं. प्रत्येक टाइल उघडायच्या आधी, प्रत्येक भट्टी उघडायच्या आधी, मुलांनी फॉर्ममध्ये तीन ओळी लिहायच्या: काय होईल, का होईल, आणि मला किती खात्री आहे. वेळ आपोआप नोंदली जाते म्हणून नंतर बदलता येत नाही. मार्क कारणाला द्यायचे, अंदाज बरोबर आला का याला नाही. असं केलं की लाजरी मुलंही लिहितात, आणि ज्यांचे कॅमेरे बंद असतात तीही, आणि तुम्हाला वर्गाच्या डोक्यात काय चाललंय ते लेक्चरच्या आधीच कळतं.

भट्टीचं एखादं फायरिंग तरी दाखवा, पण आठ-दहा तासांचा लाइव्ह कॅमेरा लावू नका, कोणी बघत नाही आणि डेटा संपतो. ग्रुपवर दर शंभर डिग्रीला पायरोमीटरचा (भट्टीचं तापमान दाखवणाऱ्या यंत्राचा) फोटो टाका आणि बरोबर एक वाक्य, आत्ता आत काय चाललंय. ४५० ते ६०० च्या दरम्यान चायना क्लेच्या आत बांधलेलं पाणी बाहेर पडतंय आणि आता ती परत चिखल होणार नाही. ५७३ ला क्वार्ट्झ आपली रचना बदलतो आणि एकदम फुगतो, गार होताना त्याच जागी एकदम आकसतो, म्हणून तिथे घाई केली की भांडं तडकतं. मग वाकलेला कोन दाखवा आणि पेटीतला कोन काढायला सांगा. कोन ६ ताशी ६० डिग्रीने चढवलात तर १२२२ च्या आसपास वाकतो आणि ताशी १५० ने चढवलात तर १२४३ च्या आसपास, म्हणजे कोन नुसतं तापमान मोजत नाही, वेळ आणि तापमान दोन्ही मिळून मातीवर किती काम झालं ते सांगतो. पायरोमीटरवर विसंबून बसणाऱ्या मुलांना हे एकदा कळलं की दोन भट्ट्यांमध्ये एकच ग्लेझ वेगळा का येतो हा प्रश्न आपोआप सुटतो.

आता सुरक्षेबद्दल, आणि इथे मी अजिबात तडजोड करत नाही. कोरडं क्वार्ट्झ, फेल्डस्पार, चायना क्ले, काहीही पावडरच्या रूपात मुलांच्या घरी जाऊ देऊ नका. घरात लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात, पंखा चालू असतो, आणि त्या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात गेली की परत निघत नाही. आमच्या जवळच खंभातला अकीक (एक शोभेचा दगड) घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, किती घरांत पोचलाय हे इकडच्या लोकांना माहीत आहे, आणि त्यांनी तर नुसता दगडच घासला होता. घरात माती काम केलं की ओल्या फडक्यानेच पुसायचं, झाडू मारायचा नाही, सुकलेला तुकडा घासायचा नाही. बेरियम कार्बोनेट, मँगनीज, शिसं असलेलं काहीही या कोर्समध्ये घरी नको, त्याबद्दल शिकवा जरूर पण टाइल दाखवून. आणि घरातली भांडी प्रयोगाला घेतली तर ती परत स्वयंपाकघरात जाणार नाहीत हे पहिल्याच दिवशी घरच्यांच्या कानावर घाला. ग्लेझची चाचणी मात्र घरी होऊ शकते, टाइलवर लिंबाची फोड रात्रभर ठेवायची आणि सकाळी तिथला रंग किंवा चमक बदलली का ते बघायचं. बदलली तर तो ग्लेझ ताटाला नको. न बदलली तरी तो सुरक्षितच आहे असं सिद्ध होत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागतं, हेही त्याच वेळी सांगा.

सॉफ्टवेअरचं विचारलंत. एक हिशोब पूर्ण हाताने, कागदावर, फोटो काढून पाठवायचा. एकच, पण पूर्ण. त्यानंतर खुशाल ग्लेझी (ग्लेझच्या रेसिपी आणि हिशोबाची वेबसाइट) वापरू द्या, फुकट आहे, स्टलचा नकाशा त्यात आपोआप निघतो आणि फोनवरही चालतं. हाताने एकदाही न करता थेट ग्लेझीवर गेलेली मुलं आकडे बघून खूश होतात, पण व्हायटिंग संपलंय तर त्याऐवजी डोलोमाइट किती घालू असं विचारलं की अडकतात, कारण डोलोमाइटमधून चुन्याबरोबर मॅग्नेशियापण येतं हे त्यांच्या हाताखालून गेलेलं नसतं. अजून एक लक्षात ठेवा, त्यात मालाचे जे विश्लेषणाचे आकडे असतात ते बहुतेक परदेशी मालाचे, आपलं राजस्थानचं फेल्डस्पार किंवा आपली बॉल क्ले त्याच्याशी जुळेलच असं नाही. दुकानदाराकडून विश्लेषणाचा कागद मागा, मोठे पुरवठादार देतात, आणि मुलांना तोच आकडा भरायला लावा.

परीक्षा लेखी घेतलीत तर उत्तरं ग्रुपवर फिरणार, त्याचा राग करून उपयोग नाही. मी प्रत्येकाला वेगळी बिघडलेली टाइल देते, कुणाला क्रेझिंग, कुणाला शिव्हरिंग (ग्लेझचे पापुद्रे सुटणं), कुणाला पिनहोल, कुणाला क्रॉलिंग, कुणाला नुसतं कच्चं, आणि त्या टाइलची रेसिपी आणि फायरिंगची नोंद. दोन आठवड्यांत त्यांनी कारण शोधायचं, रेसिपीत एकच बदल सुचवायचा, नवा हिशोब मांडायचा आणि निकालाचा अंदाज लिहायचा. मग दहा मिनिटांची तोंडी, व्हिडिओवर, टाइल हातात धरून. एकच बदल ही अट सोडू नका, दोन बदल सुचवले की काय कशामुळे झालं ते कुणालाच कळत नाही. सुचवलेले बदल तुम्ही खरंच भाजून बघू शकलात तर उत्तम, विद्यापीठाची भट्टी सेमिस्टरच्या शेवटी एकदा याच्यासाठी राखून ठेवायला सांगा, आणि नव्या टाइल्स पोस्टाने परत पाठवा. मार्क त्याआधीच देऊन टाका म्हणजे मुलं निकालाची भीती न बाळगता धीट बदल सुचवतील.

तुमचे तीन आठवडे गेलेत म्हणताय तर अजून उशीर झालेला नाही. पेटी तयार व्हायला वेळ लागेल तोवर टाइलच्या तुकड्यांचा आणि व्हिनेगरचा प्रयोग या आठवड्यातच लावा, त्याला पेटी लागत नाही. पेटी भरताना कोन वेगळे कापसात गुंडाळा, ते वाटेत सगळ्यात आधी मोडतात. टाइल्सच्या संचाच्या रेसिपी, मोलच्या हिशोबाचा कोरा तक्ता आणि अंदाजाचा फॉर्म मराठी-हिंदी दोन्हीत माझ्याकडे आहे, हवा असेल तर खाली लिहा, टाकते. तुमची भट्टी गॅसची आहे की विजेची आणि कुठल्या कोनपर्यंत जाते तेवढं मात्र सांगा, त्याप्रमाणे कोन ६ चा संच द्यायचा की १० चा ते ठरवता येईल.